पोच

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं नाव साकेन. पण खाणीच्या यंत्राने त्याला कधीच साकेन म्हटलं नाही. यंत्रात तो ‘स२केन’ होता, आणि हा उद्योग माझ्या आईचा.

आई आधी जिल्ह्याच्या कझाक वर्तमानपत्रात टायपिस्ट होती. रशियन अक्षरांत न बसणारी आमची स्वतःची नऊ अक्षरं आहेत, आणि टाइपरायटरवर त्यांना जागा मिळाली ती सगळ्यात वरच्या ओळीत, आकड्यांच्या घरात. वर्तमानपत्र बंद पडलं तेव्हा आई काराबुलाक खाणीच्या दिवेघरात लागली. तिथे नवाकोरा कॉम्प्युटर आला होता आणि सगळ्या कामगारांची नावं त्यात भरायची होती. कॉम्प्युटरला फक्त रशियन येत होतं. आईची बोटं मात्र कझाकच राहिली. पडद्याकडे बघत टाइप करणं तिला कमीपणाचं वाटे. बोट सवयीने आपल्या अक्षराच्या घरी जायचं आणि पडद्यावर आकडा उमटायचा. साकेनच्या नावातला आमचा खास स्वर दोनच्या घरात राहतो, म्हणून तो स२केन. झेनिसचा झे४३स झाला, मौलेनचा म२उलेन. नऊ अक्षरांनी अख्ख्या खाणीच्या नाकी नऊ आणले. तरी दिवा घेताना ज्याला त्याला आपलं नाव ओळखू येत होतं, त्यामुळे कोणी कटकट केली नाही.

साकेनने तर त्याचं भांडवल केलं. लग्न ठरल्यावर पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आला, तेव्हा ताट संपवून पुन्हा पुढे सरकवलं आणि आईला म्हणाला, “तुम्हीच मला दोन करून ठेवलंत. आता दोघांचं वाढा.” आई हसून हसून बेजार झाली. तेव्हापासून घरात तो ‘दोन’च. काहीही तळलं, भाजलं की माझी बहीण बालझान त्याच्यासाठी दोन बाजूला काढून फडक्याखाली झाकून ठेवते.

मी त्याच खाणीच्या कॉम्प्युटर विभागात आहे. दिवेघराचा तो जुना प्रोग्राम अजून चालतो. तो लिहिणारा वाल्डेमार केव्हाच जर्मनीला निघून गेला, आणि चालत्या गोष्टीला हात लावायचा नाही हा आमच्या विभागाचा एकमेव धर्म आहे. त्या प्रोग्रामला दोनच गोष्टी कळतात. दिवा घेतला आणि दिवा परत दिला. खाली जाणारा प्रत्येक जण दिवा घेतो आणि वर आलेला परत देतो, तेव्हा एवढ्यात भागतं.

मग मुख्य कचेरीने वेबसाइट काढली. कोण खाणीत खाली आहे आणि कोण वर आलंय ते घरच्यांना फोनवर दिसावं, शिवाय खाणीच्या हॉलमध्ये भिंतीवरच्या पडद्यावर. खाली असलेल्यांची नावं लाल, वर आलेल्यांची हिरवी. आता जुना प्रोग्राम आणि ही वेबसाइट समोरासमोर बोलू शकत नाहीत. म्हातारा संथ बोलतो, मध्येच डुलकी घेतो आणि त्या पोरीला थांबायला सवड नाही. म्हणून आम्ही मध्ये निरोपांची रांग लावली. म्हाताऱ्याने निरोप रांगेत टाकायचा आणि मोकळं व्हायचं. वेबसाइटने पुढून एकेक उचलायचा आणि पोच द्यायची. पोच मिळाली की निरोप रांगेतून जातो. नाही मिळाली तर थोड्या वेळाने तोच निरोप परत पुढे येतो, पोच मिळेपर्यंत येतच राहतो. रांगेला कंटाळा नसतो. आणि तिच्यात कोणी मध्ये घुसत नाही, दुकानापुढच्या रांगेपेक्षा तेवढीच ती बरी.

वेबसाइट करणाऱ्या पोरांनी ठरवून टाकलं होतं की माणसाच्या नावात आकडा असूच शकत नाही. त्यामुळे आमचे आकडेवाले निरोप ती नाकारायची आणि ते बाजूच्या एका रांगेत जाऊन पडायचे. आमच्या धंद्यात जगभर तिला मेलेल्या निरोपांची रांग म्हणतात. दिवेघरातल्या फ्रीडा कार्लोव्नाने हे नाव ऐकलं आणि डाव्या खांद्यावरून तीनदा थू थू केलं. खाणीवर असलं बोलत नाहीत. तेव्हापासून आम्ही तिला नुसती बाजूची रांग म्हणतो. ती मी चालवते. पुढचा निरोप उघडायचा, आकड्याच्या जागी अक्षर घालायचं, पुढे पाठवायचा आणि पोच द्यायची. पहिला गेल्याशिवाय मागचा उघडत नाही. आई आता नाही, पण तिच्या बोटांनी मारलेल्या गाठी मी रोज सोडवते, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला राग येत नाही. दिवसातून काही वेळा तिचा हात लागल्यासारखं वाटतं.

त्या दिवशी सकाळची पाळी खाली होती तेव्हा गॅस पेटला. आवाज असा आलाच नाही. टेबलावरच्या पेल्यातला चहा हलला, एवढंच. मग भोंगा झाला, आणि थोड्याच वेळात हॉल भरला.

आमची खोली हॉलला लागून आहे, मध्ये काच. मला सगळे दिसतात, मी त्यांना. बालझान घरातल्या सपाता घालूनच आली होती, वर साकेनचा जाड कोट. ती काचेपाशी आली, तेव्हा मी दार किलकिलं केलं.

“आपा,” ती म्हणाली, “काहीही असो, मला आधी तू सांगायचंस. दुसऱ्या कोणाच्या तोंडून नको.”

मी म्हटलं, सांगेन. ती जाऊन पडद्याखालच्या बाकावर बसली, झेनिसच्या म्हाताऱ्या आईशेजारी. साकेन झेनिसच्याच तुकडीचा मुकादम.

लिफ्ट चालू झाली आणि नावं हिरवी व्हायला लागली. सेर्गेई, पावेल, व्हिक्टर. ज्यांच्या नावात आमची अक्षरं नाहीत त्यांचे निरोप सरळ जात होते. आकडेवाले माझ्याकडे साठत होते. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. एक बाई मोठ्याने म्हणाली की आधी त्यांची माणसं काढतात, आपली कझाक राहतात खाली. कोणीतरी तिला गप्प केलं, पण माना माझ्या काचेकडे वळल्या. आमचा साहेब दिदार आत आला. अस्तानाहून आलेला, कपड्यांना घडी मोडलेली न चालणारा पोरगा आहे. हात जरा लवकर चालवा आपाय, म्हणाला, बाहेर दंगा होईल. मी म्हटलं, मग तूच बस की. तो बाहेर निघून गेला, कारण त्याला कझाक वाचता येत नाही.

मी भराभर करत गेले. नाव उघड, आकडा काढ, अक्षर घाल, पाठव, पोच. मला काही वाटत नव्हतं. काहीतरी वाटायला हवं हे कळत होतं, पण ते कळणंसुद्धा कोरड्या कागदासारखं होतं. बोटं चालली होती आणि मी त्यांच्या मागे कुठेतरी उभी होते.

मग उघडला तो निरोप: ‘स२केन, दिवा परत दिला.’

मी दोन काढला, अक्षर घातलं आणि पोच दिली. काचेपलीकडे त्याचं नाव हिरवं झालं. बालझान ओरडली नाही, रडली नाही. तिने डोक्याचा रुमाल नीट केला, उठली आणि काचेपाशी आली.

“मी घरी जाते,” ती म्हणाली. “पीठ भिजवायचंय. त्याला सरळ घरी पाठव. दोस्तांबरोबर बाहेर विड्या ओढत बसायचा नाही, सांग त्याला.”

शेलपेक तळणार होती. आमच्याकडे संकट टळलं की त्या पातळ पोळ्या तळतात, सात, तेलाचा वास घरभर आणि जिन्यात पसरला पाहिजे अशा, आणि शेजाऱ्यांना वाटतात. घरातलं कोणी गेलं तरी तेच तळतात, तेवढेच. घेणारा दोन्ही वेळा एकच म्हणतो, कबूल होवो.

ती सपाता फटफटत गेली. मला बरं वाटलं असेल, नक्की वाटलं असेल. मी पुढचा निरोप उघडला, मग त्याच्या पुढचा.

आणि मग परत तेच नाव. ‘स२केन, दिवा घेतला.’

आधी वाटलं की म्हाताऱ्याने सकाळचाच निरोप दुसऱ्यांदा टाकला. पण वेळ सकाळची नव्हती, आत्ताची होती. दिवा परत दिल्यानंतरची. मी दिवेघरात फोन लावला. फ्रीडा कार्लोव्नाने बराच वेळ उचलला नाही. उचलल्यावर मी नाव घ्यायच्या आधीच तिला कळलं.

“तो वर आला होता,” ती म्हणाली. “तोंड काळं, नुसते डोळे. त्याचा दिवा मिणमिणत होता. म्हणाला, मौलेन खाली राहिलाय, बचाव पथकाला ती गल्ली सापडणार नाही, मी दाखवतो. त्याने हात पुढे केला, मी भरलेला दिवा दिला. इतकी वर्षं हात पुढे आला की दिवा द्यायचा, एवढंच करत आले मी.”

मग म्हणाली की त्यानंतर आणखी एक दणका बसला. लिफ्ट खालीच आहे.

मी फोन ठेवला. निरोप समोर उघडा होता. मी त्याला हात लावला नाही. नाव दुरुस्त केलं नाही, पोच दिली नाही. बचावाचं काम काही या पडद्यावर बघून चालत नाही. ते दिवेघराशी सरळ बोलतात, त्यांना सगळं ठाऊक होतं. हा निरोप फक्त हॉलसाठी होता आणि माझ्या बहिणीच्या फोनसाठी. मी तो पाठवत नाही तोवर साकेन वर होता.

काही मिनिटांनी निरोप मिटला, रांगेत गेला आणि परत माझ्यापुढे आला. स२केन, दिवा घेतला. मी बघत बसले. तो परत गेला, परत आला. त्याच्या मागे आणखी निरोप साठले होते. त्यांत काय आहे ते मला दिसत नव्हतं, कारण पुढचा हललेला नव्हता. काचेपलीकडे झेनिसची आई काठी दोन्ही हातांत धरून पडद्याकडे बघत होती. तिच्या मुलाचं नाव लाल होतं.

दिदार पुन्हा आला.

“आपाय, रांग अडलीय.”

“अडलीय.”

“कशाने?”

“एका नावाने.”

त्याने वाकून माझ्या पडद्यावर बघितलं. नाव त्याला वाचता आलं, कारण आकडे सगळ्यांनाच येतात. साकेन माझा कोण ते त्याला माहीत होतं, ऑफिसच्या प्रत्येक सणाला तो येऊन दोघांचं जेवून जायचा. दिदारने कीबोर्डाकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, “मी करू का?”

“तुला ते अक्षर सापडायचं नाही,” मी म्हटलं.

निरोप मिटला आणि परत आला. झेनिसच्या आईने काठीवरचा एक हात सोडून गुडघा चोळला. मी दोनचा आकडा काढला. अक्षर घातलं. पोच दिली.

हॉलमधल्या पडद्यावर साकेनचं नाव हिरव्याचं लाल झालं. कोणाच्याही लक्षात आलं नाही. ज्या एकीच्या लक्षात आलं असतं ती घरी पीठ मळत होती. मागचा निरोप उघडला: झे४३स, दिवा परत दिला. मी तोही केला. म्हातारीला कळलं नाही, शेजारच्या बाईने तिचा दंड धरून हलवलं आणि बोट दाखवलं. तेव्हा ती रुमाल तोंडात कोंबून रडायला लागली. मला तिचा राग आला. दिवसभरात तेवढंच काय ते मला वाटलं.

मग बाजूची रांग रिकामी झाली. मी तिच्यापुढे बसून राहिले. रिकामी रांग बघायची म्हणजे काही बघायचंच नसतं. कोणीतरी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली.

उन्हं उतरायला लागली तेव्हा फोन वाजला.

“राउशान,” फ्रीडा कार्लोव्ना म्हणाली, “त्याचा दिवा आला.”

“कोणी आणून दिला?”

“पथकाच्या माणसाने.”

मग मी मौलेनचं विचारलं. त्याने आपल्या हाताने दिला, ती म्हणाली.

“मला साकेनचा नोंदवावा लागेल गं,” ती म्हणाली. “एक दिवा कमी दिसला तर ते पुन्हा माणसं खाली पाठवतील शोधायला.”

“नोंदवा.”

आणि तो आला. ‘स२केन, दिवा परत दिला.’ म्हाताऱ्याला तिसरा शब्द येत नाही. वाल्डेमारने त्याला शिकवला नव्हता आणि आमच्यापैकी कोणाला कधी सुचलं नव्हतं. मी दोन काढला, अक्षर घातलं, पोच दिली. भिंतीवर साकेन पुन्हा हिरवा झाला. दिदारने ते बघितलं आणि पाठ फिरवून उभा राहिला. मला त्याच्या कोटाची घडी मोडलेली दिसली.

त्याला वर आणल्यावर मी लिफ्टपाशी जाऊन बघून आले. चादर तोंडावरून काढू नका, असं पथकाचा माणूस म्हणाला, आणि काढायची गरजही नव्हती. पाय बाहेर होते. डाव्या बुटाची नाडी महिन्याभरापूर्वी तुटली तेव्हा बालझानने स्वयंपाकघरातली हिरवी सुतळी घालून दिली होती. ती तशीच घट्ट बांधलेली होती.

बहिणीच्या इमारतीत शिरले तर खालच्या दारापासून तळणाचा वास. जिन्यात झेइनेप आजी भेटली, हातात गरम शेलपेक कागदात धरलेला. ती थांबली, माझ्या गालाला हात लावला. “कबूल होवो, पोरी,” म्हणाली. “बालझानने सांगितलं, सुखरूप आला म्हणून. अल्लाची कृपा.” मी मान हलवली. बालझानच्या आधी तिला सांगून चाललं नसतं.

दार उघडंच होतं. बालझान स्वयंपाकघरात, कपाळावर पीठ. तिने माझ्या मागे बघितलं.

“एकटीच? तो कुठाय? बसला ना शेवटी दोस्तांत?”

“बालझान,” मी म्हटलं, “साकेन गेला.”

तिने कढईतला शेलपेक उलटला. “आधी खा,” ती म्हणाली. “गरम आहेत. आईचं नाव घे आणि खा.”

ताटात चळत रचलेली होती. सातावर कधीच गेली होती. शेजारी बशीत फडक्याखाली दोन वेगळे झाकलेले होते. तिने माझ्या हातात एक दिला. मी तो धरून उभी राहिले. बोटांना चटका बसत होता, ते कळत होतं.

“बालझान, साकेन गेला.”

तिने हात फडक्याला पुसले, खिडकीतला फोन उचलला, पान उघडलं आणि माझ्या तोंडापुढे धरलं. साकेन. हिरवा.

“हे काय आहे मग?” ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाव विचारावा तसा. “मघाशीच बघितलं मी. पान तुझंच ना? तूच केलंस ना?”

“दिवा वर आलाय,” मी म्हटलं. “दिवा.”

तिने फोन उलटा ठेवला. पिठाचा आणखी एक गोळा घेतला, लाटला, कढईत सोडला. तो फुगला, लाल झाला. मी थांबले. मला दुसरे शब्द सुचत नव्हते, सुचले असते तरी ते तेच झाले असते.

“बालझान, साकेन गेला.”

ती कढईकडे बघत राहिली. शेलपेकच्या कडा काळ्या पडायला लागल्या, तेलातून धूर निघाला. तिने तो काढला नाही. मग हात लांब करून गॅस बंद केला. बशीवरचं फडकं उचललं, त्याच्याखालचे दोन काढले आणि ताटातल्या चळतीवर बाकीच्यांबरोबर ठेवून दिले.

“हं,” ती म्हणाली.